देवापुढचं वाण

"आत्या, टाचा कशा आहेत तुमच्या?"

द्वारकाआत्यांनी चष्म्याच्या वरून माझ्याकडे पाहिलं. माझ्या सासऱ्यांची ही थोरली बहीण. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली, आणि समोर कुणीही आलं की त्याचा गृहपाठ राहिलाय अशाच नजरेनं बघणारी.

"माझ्या टाचांना काय झालंय?"

"तसं नव्हे. काल आमच्याकडच्या हळदीकुंकवाला आईंनी भेगांचं क्रीम दिलं ना, ते लावून बघितलंत का म्हटलं."

"वाणात आलेलं कोण लावत बसतंय? कपाटात ठेवलंय. उद्या माझ्याकडे हळदीकुंकू आहे, तिथं देऊन टाकीन कुणालातरी."

असं होऊन चालणार नव्हतं. कारण आत्यांच्या कपाटातल्या त्या जांभळ्या कागदात क्रीमच होतं, अशी माझी खात्री नव्हती.

एकोणीस वर्षं झाली या गोष्टीला. तेव्हा मी पंचवीस वर्षांची होते, तासगावात सून म्हणून येऊन वर्ष झालं होतं, आणि मला बी.एड. करायचं होतं. त्यामुळं दोन वर्षं मूल नको असं मी आणि धैर्यशीलनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, आपसांत ठरवलं होतं. मी गोळ्या घेत होते. घरात हे सांगायची आम्हा दोघांचीही छाती नव्हती, कारण आई, म्हणजे माझ्या सासूबाई, नातवासाठी देव पाण्यात घालून बसल्या होत्या. दर मंगळवारी माझी ओटी भरली जायची आणि मी गुपचूप ते खोबरं आमटीत घालायचे.

गोळ्या सुरू होऊन सहा-सात महिने झाले आणि भलतंच दुखणं मागं लागलं. बाईच्या अंगात जिथं ओल असायला हवी तिथं कोरड पडली. नवरा जवळ आला की आग व्हायची, सोलवटल्यासारखं दुखायचं. मन हो म्हणायचं आणि अंग नाही म्हणायचं. आमच्या घरचा धंदा बेदाण्याचा. बागेतनं द्राक्षं आणायची, रानातल्या शेडमध्ये जाळ्यांवर पसरायची आणि पंधरा दिवसांत सुकवून काढायची. या घरात पाऊल टाकलं म्हणून मीपण सुकायला लागले की काय, असं मला खरंच वाटायचं.

बोलणार कुणाशी? मी कारणं काढायला लागले. डोकं दुखतंय, अभ्यास आहे, उद्या उपास आहे. आठवड्यात चार-चार उपास करणारी सून म्हणून गल्लीत माझं कौतुक व्हायला लागलं. एकदा खोबरेल तेलाचा प्रयोग करून पाहिला, तर गादीवर हा एवढा डाग पडला आणि आईंनी विचारलं, डोक्याला एवढं तेल थापतेस तरी केस का गं वाढेनात तुझे.

धैर्यशीलनं काही दिवस विचारलं, मग विचारायचं सोडून दिलं. त्याचं एक नवीनच सुरू झालं. दिवसातनं तीन-तीनदा आंघोळ करायचा, अंगाला पावडर फासायचा आणि भिंतीकडे तोंड करून झोपायचा. ही पावडर कुणासाठी चाललीय, अशी शंकाही माझ्या डोक्यात येऊन गेली. आणि संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी जेवताजेवता तो ताटाकडे बघत म्हणाला, "यंदा हंगामभर शेडवरच झोपीन म्हणतो. रथसप्तमीला बिछाना हलवतो."

दुसऱ्या कुठल्या घरात या वाक्याचं कुणाला काही वाटलं नसतं. आमच्या घरात मी हातातला घास परत ताटात ठेवला. कारण माझे सासरे, अण्णा, नऊ वर्षांपूर्वी असेच एका हंगामापुरते शेडवर झोपायला गेले होते, ते तिथलेच झाले. सकाळी चहाला यायचे, दोन्ही वेळा जेवायला यायचे, आईंशी पावसापाण्याचं बोलायचे, आणि हात धुतला की मोटारसायकलला किक. कुणी विचारलंच तर म्हणायचे, घरात गुदमरतं मला. भांडण नाही, तंटा नाही. आई त्यांच्या ताटात तूप जास्त वाढायच्या आणि ते गेले की दार लावून घ्यायच्या. त्यांचं असं का झालं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पण माझंही तसंच होणार असं दिसायला लागलं आणि मी हादरले.

दुसऱ्याच आठवड्यात मी सांगलीला जाऊन एका डॉक्टरीणबाईंना भेटले. सांगलीला जायला कारण आईंनीच दिलं होतं. हळदीकुंकवाच्या वाणाला भेगांचं क्रीम द्यायचं त्यांनी ठरवलं होतं आणि ते घाऊक दुकानातनं मीच आणायचं होतं. एक्केचाळीस ट्यूबा. चाळीस बायकांच्या, एक देवाची. आमच्या घरची पद्धत अशी की पहिलं वाण देवापुढं ठेवायचं, ते रथसप्तमीला उठवायचं आणि घरातल्या मोठ्या बाईनं घ्यायचं. शिवाय वाण एकदा हळदीकुंकू लावून मांडलं की दिल्याशिवाय कुणी उघडायचं नाही.

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मी रडले, ते रडणंही ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुमच्या मनात खोट नाही आणि अंगातही नाही. या गोळ्यांनी काहीजणींना असं होतं. आपण गोळी बदलू. नव्या गोळीची सवय व्हायला दोन-तीन महिने जातील, नाही जमलं तर दुसरा उपाय आहे. तोवर ही पाण्यातली जेल वापरा. वंगणच म्हणा ना. आणि घरचे प्रयोग बंद."

इतकं सोपं. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. चिठ्ठी घेतली आणि ती जेलची ट्यूब सांगलीतच विकत घेतली, कारण तासगावात आमच्या घराजवळचं मेडिकल धैर्यशीलच्या मामांचं होतं. तिथं मी डोकेदुखीची गोळी मागितली तरी आईंना संध्याकाळपर्यंत कळायचं.

आता ती ट्यूब घरात ठेवायची कुठं? आमच्या कपाटाला किल्ली नव्हती, आणि आईंना आवराआवर करायचा नाद होता. एसटीत बसल्याबसल्या मला वाटलं, आपल्याइतकं हुशार कुणी नाही. क्रीमच्या ट्यूबाही तेवढ्याच लांबीच्या. घरी गेल्यावर मी सगळ्यांना जांभळा कागद गुंडाळला, त्याच कागदात माझी ट्यूब, तिच्याभोवती डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी, खुणेला पेनानं एक ठिपका, आणि खोक्याच्या अगदी तळाशी टाकली. वाण वरून संपत जाणार, तळातली माझी. आणि रथसप्तमीच्या आत एखाद्या दिवशी मी नवऱ्याला सगळं सांगणार.

हळदीकुंकवाच्या दिवशी मी स्वयंपाकघरात तिळाच्या वड्या थापत होते. बाहेर आले तर परातीत जांभळ्या ट्यूबा ओळीनं मांडलेल्या आणि प्रत्येकीवर आईंच्या बोटाचं हळदीकुंकू. माझा ठिपका त्याखाली गडप. खोकं रिकामं. मी परात उचलायचं निमित्त करून दोन-चार ट्यूबा हातात तोलून बघितल्या, तेवढ्यात आई म्हणाल्या, हात नको लावू गं, मांडलेलं हाय. आणि बायका यायला लागल्या. चाळीस जणी हसत आल्या आणि वाण घेऊन हसत गेल्या. मीच प्रत्येकीला वाकून नमस्कार करत होते आणि मनात म्हणत होते, ही असेल, नाही, ही असेल.

परातीत एक ट्यूब उरली. दुकानदारानं एक जादा दिली वाटतं, म्हणून आई खूश झाल्या. मी ती मोरीत नेऊन उघडली. क्रीम.

म्हणजे माझी ट्यूब कुणाच्यातरी घरी गेली होती. नुसती ट्यूब असती तरी मी निभावून नेलं असतं, पण चिठ्ठीवर माझं नाव होतं, गोळ्यांचं नाव होतं आणि माझं दुखणं होतं. चाळिसांतल्या कुणाच्याही हाती ती चिठ्ठी पडली असती तर सांज व्हायच्या आत आईंच्या कानावर गेली असती की सून वर्षभर गोळ्या खातीय आणि तुम्ही तिची ओटी भरताय. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळीच मी आत्यांच्या पडवीत जाऊन त्यांच्या टाचांची चौकशी करत होते.

आणि आत्या आता ती ट्यूब पुढं सरकवणार होत्या.

"देऊ नका, आत्या," मी म्हणाले. तोंडाला येईल ते बोलले. "त्या क्रीमची तारीख उलटलीय म्हणे. एकीला पुरळ आलं."

आत्या उठल्या, कपाट उघडलं, कागद फाडला. क्रीमच निघालं. माझा जीव भांड्यात पडला. पण मी कुणाशी खोटं बोलले याचा मी विचारच केला नव्हता. त्यांनी ट्यूब डोळ्यांजवळ नेली, तारीख सापडेना, तशी बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, "हे सगळ्यांना कळवायला हवं."

तुम्ही कशाला त्रास घेता, मी सांगते सगळ्यांना, असं मी परोपरीनं म्हटलं. पण मुलींच्या शाळेत पटकी-गोवरापासून केसांतल्या उवांपर्यंत सगळ्या साथींची सूचना ज्या बाईनं वर्गावर्गात फिरवली, ती ऐकते कशाला. दुसऱ्या दिवशी आत्यांच्या स्वतःच्या हळदीकुंकवात सगळ्याच बायका एका ठिकाणी सापडल्या. आत्यांनी उभं राहून सूचना दिली.

आणि वाण परत यायला लागलं.

आमच्या ओट्यावर दिवसभर एकेक बाई येऊन जांभळी पुडी ठेवून जात होती. कुणी उघडलेली, कुणी न उघडलेली, एकीनं निम्मी संपवलेली. तुमची काय चूक, दुकानदारच लबाड, असं म्हणून जायच्या, आणि कोपऱ्यावर जाऊन हळू आवाजात बोलायच्या. हळदीकुंकवाचं वाण परत येणं ही काय गोष्ट आहे हे ज्या बाईनं तीस वर्षं हळदीकुंकू केलंय तिलाच कळेल. आई ओट्यावर बसून होत्या. प्रत्येक परत आलेली ट्यूब परातीत ठेवत होत्या, आणि त्यांचा चेहरा लहान-लहान होत चालला होता. ते बघून मला माझीच लाज वाटली. माझं गुपित वाचवायला निघाले आणि आईंना गावात मान खाली घालायला लावली.

तेवढं असूनही, खरं सांगते, मी आत जाऊन एकेक ट्यूब तपासत होते. एकही माझी नव्हती.

रविवार उजाडला. रथसप्तमी. अंगणात दूध उतू घालून झालं. धैर्यशीलनं सतरंजीत बिछाना गुंडाळून मोटारसायकलच्या मागं दोरीनं बांधायला घेतला. आत्या आल्या, आपली ट्यूब परत द्यायला, सगळ्यांच्या शेवटी. पण त्यांचा चेहरा वेगळाच होता.

"वहिनी, रात्री भिंग घेऊन बसले. तारीख पुढच्या वर्षाची आहे की हो हिच्यावर."

आईंनी परातीतल्या दोन-चार ट्यूबा उचलून आत्यांच्या पुढं केल्या. सगळ्यांवर पुढच्या वर्षाची तारीख. मग दोघींनी मिळून माझ्याकडे पाहिलं.

"कुणाला पुरळ आलं गं?" आईंनी विचारलं.

मी परातीतल्या ट्यूबा उगाच सरळ करायला लागले.

आई उठल्या. देवघरात गेल्या, देवापुढचं पहिलं वाण उचललं आणि पदराला हात पुसत बाहेर आल्या. "ही एक ऱ्हायलीय. हिच्यावर बघू काय हाय ते." मला वाटलं होतं की देवाचं वाण नेहमीसारखं खोक्यातनं वरचंच घेतलेलं असणार. पण नंतर कळलं, वरची चिकटपट्टी निघेना म्हणून आईंनी खोकं उलटं करून तळाकडनं फोडलं होतं. माझी ट्यूब सगळ्यांत आधी निघाली होती आणि सरळ देवीपुढं जाऊन बसली होती. चार दिवस तिला रोज फूल, हळदीकुंकू आणि सकाळ-संध्याकाळ उदबत्ती मिळत होती. त्यात एकदा उदबत्ती ओवाळणारी मीच होते.

कागद फाटला. चिठ्ठी ओट्यावर पडली. आत्यांनी ती उचलली आणि सवयीनं मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. माझं नाव वाचलं. गोळ्यांचं नाव वाचलं. मग आवाज खाली आला, मग नुसते ओठ हलायला लागले, आणि मग त्या खाली बसल्या.

"काय हाय त्यात?" आई म्हणाल्या. "वन्सं, वाचा की."

आत्यांनी वाचून दाखवलं नाही. मला म्हणाल्या, "शुभदा, तू सांग."

मी सांगितलं. जमिनीकडे बघत, एका दमात. गोळ्या, बी.एड., कोरड, आग, उपास, खोबरेल. आणि धैर्यशीलला या दुखण्याचं काहीच ठाऊक नाही, म्हणून तो शेडवर चाललाय, हेही सांगितलं. आता बोलणी बसणार म्हणून मी खांदे आवळून उभी राहिले.

आईंनी ती ट्यूब उलटीपालटी करून पाहिली. बराच वेळ पाहिली. मग विचारलं ते गोळ्यांचं नव्हतं.

"ही नुसती गोळ्या खाणाऱ्या बाईलाच चालती, का पाळी गेलेल्या बाईलाबी?"

मला आधी काही कळलंच नाही. मग डॉक्टरीणबाईंचं आठवलं. त्या म्हणाल्या होत्या, पाळी जाते तेव्हाही हेच होतं, तेव्हा तर बहुतेकींना होतं. मी तसं सांगितलं.

आई आत्यांकडे बघून म्हणाल्या, "माझी लवकर गेली, वन्सं. चव्वेचाळिसाव्याला. नऊ वर्षं झाली." एवढंच म्हणाल्या. पुढचं आम्ही तिघींनी आपापलं समजून घेतलं. माझ्या डोळ्यांपुढं अण्णांच्या ताटातलं ते जास्तीचं तूप आलं आणि मला रडू फुटलं.

"रडतीस कशाला? गोळ्यांचं मला सांगायचं होतंस. मी तिकडं देवीला साडीचोळी बोलून बसलीय. आता तिला दोन वर्षं थांब म्हणून कोण सांगणार?" त्यांनी चिठ्ठी आत्यांच्या हातातनं घेतली, चार घड्या घातल्या आणि माझ्या मुठीत कोंबली. ट्यूब मात्र कमरेला खोचली.

"हा कागद तुझा. वाण माझं."

"पण आई, ती माझी..."

"देवापुढचं वाण घरातल्या मोठ्या बाईचं असतंय. सांगलीला रोज गाड्या हायत." आणि मग आवाज चढवून अंगणात, "धैर्या, ती दोरी सोड. का जायचं नाही ते आत येऊन बायकोला विचार."

आत्या जाताजाता थांबल्या. माझ्या मुठीतली चिठ्ठी पुन्हा मागून घेतली, पर्समधली डायरी काढली आणि त्या जेलचं नाव स्वच्छ अक्षरात उतरवून घेतलं. "एखाद्या माजी विद्यार्थिनीला उपयोगी पडेल," म्हणाल्या. मी मान डोलावली.

धैर्यशील आत आला. मी त्याला सगळं सांगितलं, या वेळेला त्याच्याकडे बघून. तो पलंगाच्या कडेवर बसून ऐकत राहिला. संपल्यावर म्हणाला, "म्हणजे मी नकोसा झालो नव्हतो?"

"नाही हो."

"मला वाटलं माझ्या अंगाला फवारणीच्या औषधाचा वास येतोय. बागेतनं आलो की तू लांब सरकायचीस. तीन-तीन साबण बदलले मी." त्याचे डोळे भरले होते आणि तो हसत होता. "वंगण पाहिजे म्हणाली असतीस तर शेडवर डबाभर आहे की."

"ते मशिनचं आहे. घरचे प्रयोग बंद करायला सांगितलेत." मग मीही हसले. कित्येक महिन्यांनी त्या खोलीत आम्ही दोघं मिळून हसलो.

दुपारी आम्ही सांगलीला गेलो. बिछाना सोडलेली ती दोरी आईंनी जाताना धैर्यशीलच्या हातात दिली आणि सांगितलं, येताना शेडवरनं या आणि अण्णांना म्हणावं, तिथं उंदीर झालेत. उंदीर कुठं झालेत, असं त्यानं विचारलं. झालेत, आई म्हणाल्या.

दिवेलागणीला अण्णा आले. काखेत वळकटी, हातात उशी. नऊ वर्षांत शेडचा उन्हाळा खाऊन वळकटीचा रंग उडाला होता. ओट्यावर थांबून इकडंतिकडं बघत राहिले. आई देवापुढं वात लावत होत्या. त्यांनी मागं वळून पाहिलं नाही, पण वात दोनदा विझली.

"कुठं टाकू हे?" अण्णांनी विचारलं.

"होतं तिथं," आई म्हणाल्या.